जाम झालेली ओळ

माझ्या नातीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला बिनसाखरेचा चहा पाजणारा माणूस मीच. लोक अजूनही विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शिक्षण माझं सातवीपर्यंत, तेही मास्तर दमले म्हणून थांबलं. पुढचं सगळं फॅक्टरीत शिकलो. आमचा बाप भंडाऱ्याकडून इकडं जबलपूरला आला तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. मग सरकारनं मधून रेघ मारली. नातेवाईक रेघेच्या तिकडं राहिले, आम्ही इकडं. तेव्हापासून आमच्याकडचं कोणतंही लग्न असो, अर्धं गाव रेल्वेतून उतरते आणि त्याला कुठं झोपवायचं हा प्रश्न उभा राहते.

मला तो प्रश्न कधी पडला नाही, कारण तो शांता सोडवत होती. शांता म्हणजे माझी बायको. कागद नाही, पेन नाही. पाहुणा ऑटोतून उतरला की ती नुसतं त्याच्या चालीकडं पाहायची आणि म्हणायची, "यांना खालची खोली द्या, गुडघे गेलेत." कोण घोरते, कोणाला शुगर आहे, कोणत्या दोन जावा एका खोलीत ठेवल्या तर सकाळी एकच उरेल, सगळं तिच्या डोक्यात. नातीच्या लग्नाच्या आधीच्या थंडीत ती गेली. जाताना डोकं घेऊन गेली. घरात तेवढं एकच होतं.

त्यानंतर घरानं मला एक खुर्ची दिली. "बाबा, तुम्ही बसा." भाजी आणतो म्हटलं, बसा. गॅसचा नंबर लावतो म्हटलं, बसा. माणूस गेला की उरलेल्याला लोक काचेच्या भांड्यासारखे कपाटात ठेवतात. मी इतका बसलो, इतका बसलो, की शेजारची मांजर मला खुर्चीचाच भाग समजून अंगावर झोपायला लागली!

यशूचं लग्न ठरलं आणि मी खुर्चीतून उठलो. यशू माझी नात. सोयरे गोंदियाचे. पोराला, म्हणजे विजयला, सरळ सांगितलं, "वऱ्हाड उतरवायचं काम मी करणार."

"बाबा, मी मॅनेजर ठरवून राहिलो. तो सगळं पाहते."

"मॅनेजरला काय माहीत कोण घोरते?"

"तुम्हाला तरी कुठं माहीत आहे? ते तर मायला माहीत राहत होतं."

"म्हणूनच म्हणतो. ते तुझ्या मायचं काम होतं. भाड्याच्या माणसाच्या हाती मी जाऊ देणार नाही."

तेवढ्यात यशू मधे पडली. तिला मराठी सगळी समजते, पण तोंडातून अर्धी हिंदीच निघते. "पापा, आबा को करने दो न. मी सगळं लॅपटॉपमध्ये टाकून ठेवलं आहे. देखके बस बताना है."

"ठीक आहे," विजय म्हणाला, "पण एक जरी गडबड झाली, तर मॅनेजर."

म्हणजे बघा, माझी नोकरी लागली तीसुद्धा प्रोबेशनवर. रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर!

यशूनं लॅपटॉप समोर ठेवला. पडद्यावर चौकटीच चौकटी. डाव्या बाजूला वर-खाली नावं. सगळ्यात वर आडवी एक ओळ, त्यात कोणत्या चौकटीत काय लिहिलं आहे ते: गाव, नातं, मटण खातात का, बिनसाखर चहा, कमोड, घोरतात का, आणि शेवटी बोटिंग. (लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाडाला भेडाघाट दाखवायचं ठरलं होतं. बोटीत बसायला सगळे तयार नसतात, म्हणून आधीच विचारून घेतलं होतं.) ज्याला जे लागू, त्याच्या नावासमोर "हां". बाकी जागा कोरी. पोरीनं आजीचं डोकंच उतरवून काढलं होतं. मी म्हटलं, "ठीक बनवलं."

यशू गेली. मी काम पाहायला लागलो. आणि फिटरच्या नजरेला लगेच बिघाड दिसला.

पडदा खाली सरकवला की सगळ्या ओळी सरकत होत्या, वरची ओळ सरकत नव्हती. उजवीकडे सरकवला की सगळे उभे खाने सरकत होते, नावांचा खाना जागेवरच! मी पुन्हा सरकवलं. पुन्हा तेच. आता तुम्ही सांगा, ज्या माणसानं अख्खं आयुष्य अडकलेल्या वस्तू सोडवल्या, तो याला काय म्हणेल? जाम! नवीन मशीन आणि दोन बाजूंनी जाम! पोरीच्या लक्षात नाही आलं, म्हटलं चला, आपण गुपचूप करून देऊ.

वर जेवढी बटणं होती तेवढी मी एकामागून एक दाबली. एकदा सगळी अक्षरं जाड झाली. एकदा सगळं पिवळं झालं. ते कसंबसं परत केलं. मग एक बटण असं दाबलं गेलं की वरची ओळ सुटली! नावांचा खानाही सुटला. पडदा असा मोकळा फिरायला लागला की जणू आत ग्रीस भरलं. मी खूश. म्हातारपणी हात गेला नाही म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली.

मजा पाच मिनिटं टिकली. कमोड कोणाला पाहिजे ते पाहायला उजवीकडे गेलो, तर नावं गायब. नावं पाहायला डावीकडे आलो, तर कमोड गायब. खाली गेलो, तर वरची ओळच उडाली. नुसते "हां" उरले. काय हां? कोणाचा हां? एक बाई "हां" म्हणते, पण घोरायला म्हणते की बोटीत बसायला, कळायला मार्ग नाही.

यशूला हाक मारता आली असती. पण ती विजयला सांगणार, विजय फोन उचलणार, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजर. म्हणून मी फॅक्टरीतली अक्कल लावली. नावांसाठी स्टीलची फुटपट्टी घेतली, पडद्यावर आडवी धरली, आणि तिच्या आधारानं एकेका ओळीवर उजवीकडे गेलो. ते जमलं. आणि वरच्या ओळीसाठी कागदाची पट्टी कापली. पडदा उजवीकडे शेवटपर्यंत नेला, समोर जे चार खाने दिसत होते त्यांची नावं पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिली: बिनसाखर, कमोड, घोरणारे, बोटिंग. पट्टी पडद्याच्या काचेवर वर चिकटवली, चिकटपट्टीनं. आता कितीही खाली जा, डोक्यावर नावं आहेतच! मला वाटलं, हे कंपनीवाल्यांना कसं सुचलं नाही?

वऱ्हाड आलं त्या दिवशी सकाळी आचारी धावत आला. "बाबूजी, मटन खानेवाले कौन-कौन हैं?" मटणाचा खाना चिकटवलेल्या चारांच्या अलीकडे होता. मी पडदा एक खाना डावीकडे सरकवला, त्याला सांगितलं, तो गेला.

पडदा सरकला. पट्टी सरकली नाही. ती कागदाची होती. ती कशी सरकणार?

म्हणजे आता पट्टीवर लिहिलं होतं बिनसाखर आणि खाली होता मटणाचा खाना. आणि पुढचे सगळे खाने तसेच एकेक घर घसरलेले. मला याचा पत्ता नाही. मी फुटपट्टी घेऊन तयार, कपाळावर गंभीर आठ्या, जणू स्टेशन मास्तर.

वऱ्हाड समाजभवनात उतरलं. जय भीम, जय भीम झालं. मी आचाऱ्याला हुकूम सोडला, "सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा. एकट्या आजोबांचा साखरेचा." वऱ्हाडातले झाडून सगळे मटण खाणारे, आजोबा तेवढे माळकऱ्यासारखे शाकाहारी, त्याला मी काय करू? आजोबा म्हणजे नवरदेवाचे आजोबा. अंगानं काडी आणि शुगर अशी की डॉक्टरनं फोटोतली जलेबीसुद्धा पाहायला मनाई केलेली.

पहिला घोट घेतला आणि नवरदेवाच्या मामांनी कप खाली ठेवला. मामा म्हणजे माणूस नव्हे, कपाट. "काहून जी, जबलपूरमध्ये साखर नाही मिळत?"

"तुमच्या तब्येतीसाठी आहे," मी म्हटलं.

"माझ्या तब्येतीला काय झालं?"

मी त्यांच्या तब्येतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चुप राहिलो. सोयरे होते.

आजोबा मात्र कोपऱ्यात डोळे मिटून चहा पीत होते. मला वाटलं ध्यान करून राहिले. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "अजून एक कप आणा न जी. आणि ते काळं-काळं काय तळून राहिले तिकडं?"

"खोव्याची जलेबी. आमच्याकडची खास."

"दोन आणा. कोणाला बोलू नका."

चार आणल्या. पाहुण्याचा मान!

मग खोल्या. समाजभवनात खालच्या खोल्यांना कमोड होते. वर, पार दुसऱ्या मजल्यावर, एक मोठा हॉल होता, तिथं देशी संडास. तो हॉल घोरणाऱ्यांसाठी ठेवला होता, म्हणजे त्यांनी छत उडवलं तरी खालच्यांची झोप मोडू नये. मी फुटपट्टी लावली, पट्टीवर "घोरणारे" वाचलं, आणि खालच्या "हां" वाल्यांना एकेक करून वर पाठवलं. सगळ्या बायका निघाल्या. मला थोडं नवल वाटलं. पण म्हटलं, शांतासुद्धा घोरायचीच की. (ते मला आवडायचं. आता घर फार चुप झालं आहे. ते असो.)

सगळ्यात पुढं होत्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे नवरदेवाची आत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन रिटायर झालेल्या. नवरदेवाची माय लहानपणीच गेली, पोरगा यांनीच वाढवला. त्यांच्या एका भुवईवर हे लग्न उभं होतं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मला वर जायचं आहे?"

"हो जी. यादीत आहे."

"माझे गुडघे पाहिलेत तुम्ही?"

आता परक्या बाईचे गुडघे पाहिले म्हणावं की नाही म्हणावं? मी म्हटलं, "नाही जी, कधीच नाही."

त्या वर गेल्या. मागून त्यांच्या दोन बहिणी, एक चुलती, एक मावशी. एका पायरीवर एक पाय, मग दुसरा पाय, मग "आई गं", मग पुढची पायरी. वर पोचेपर्यंत खाली सगळ्यांची आंघोळ होऊन गेली.

थोड्या वेळानं वरून निरोप आला, देशी संडासात बसता येत नाही. घोरणाऱ्यांना काय झालं खाली बसायला, असं मनात आलं, पण माणसाची अडचण ती अडचण. मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची घेतली, आरी चालवली, बसायच्या जागी गोल भोक पाडलं, कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि वर नेऊन दिली. ती वस्तू एक नंबर झाली, हे आजही सांगतो. (दुसऱ्या दिवशी ती पांढरं कव्हर घालून इतर खुर्च्यांबरोबर मांडवात पोचली. तिच्यावर कोण बसलं ते लिहीत नाही. विजय हे वाचणार आहे.)

दुपारी मटणाचं जेवण झालं आणि भेडाघाट. पट्टी म्हणाली बोटिंग, खाली "हां" होते घोरणाऱ्यांचे. मामा पहिले.

"मी नाही बोटीत बसत. मला पाण्याची भीती वाटते," मामा म्हणाले.

"यादीत हां आहे."

"मी हां म्हणालोच नाही!"

"मग यादी खोटी आहे का? पोरीनं मेहनतीनं केली आहे."

सोयरा बिचारा! नातीचं नाव घेतलं म्हणून बसला. त्याच्या मागं बाकीचे चार घोरणारे, सगळे त्याच मापाचे, आणि शेवटी मी. बोट अशी खाली गेली की नर्मदा बोटीच्या कडेपर्यंत आली. आणि ज्या पोरापोरींनी खरंच बोटिंगला "हां" म्हटलं होतं, ते काठावर उभे राहून ओरडून राहिले, "आबाजी, हम? हम क्या करें?" मी म्हटलं, "तुम फोटो निकालो."

दोन्ही बाजूला उंच संगमरवर, मधे शांत पाणी, वर उतरतं ऊन. आमचे नाववाले भैया चालता-चालता शेर जोडून एकेका दगडाची कहाणी सांगतात, लोक हसतात. आमच्या बोटीतला सुरू झाला, "दाएँ देखिए, हाथी का पाँव..." आणि उजवीकडून आवाज आला, घर्रर्र! मामा झोपले होते. पोटात मटण, बुडाखाली पाळणा, भीती कुठल्या कुठं गेली. मागून दुसरा सुरू झाला, मग तिसरा. त्या दगडांची तऱ्हा अशी, तुम्ही एकदा खोकला तर ते तीनदा खोकतात. पाच माणसं घोरत होती आणि डोंगर पंधरा माणसांचं परत करत होता! समोरून येणाऱ्या बोटीतल्या बायकांनी पोरं जवळ ओढली.

"बाबूजी," भैया वल्ही सोडून म्हणाला, "तीस साल से नाव चला रहा हूँ. मेरी कॉमेंट्री पे लोग हँसे हैं, रोए हैं, सोया कोई नहीं. इनको जगाओ, इज्जत का सवाल है."

मी मामांना हलवलं. मामा दचकले, बोट दचकली, आणि मी गुडघ्यापर्यंत नर्मदेत जाऊन आलो.

परत आलो तर यशू समाजभवनात लॅपटॉपसमोर उभी. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरलेले, पुढं धरलेले. शेजारी विजय, हातात फोन.

"आबा, ये क्या चिपकाया है?"

"पट्टी आहे. वरची ओळ पळून जात होती."

"पळून कशी जाईल? मैंने रोक के रखी थी!"

"तू रोकली होती?"

"हां! म्हणजे कितीही खाली जा, हेडिंग दिसली पाहिजे. कितीही बाजूला जा, नाव दिसलं पाहिजे. सुटली कशी?"

मी ओल्या पँटकडे पाहिलं. "मला वाटलं जाम झाली आहे. मी सोडवली."

यशूचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडून राहिली. नाही! हसून-हसून ती भिंतीला टेकली, आणि समाजभवनाच्या नव्या रंगावर तिचे दोन पंजे उमटले. ते आजही तिथं आहेत.

"मेरे हाथ तो देखो. अब आप ही करो. पट्टी काढा. पडदा पार डावीकडे, पार वर न्या. आता नावांच्या बाजूचा खाना, हेडिंगच्या खालची ओळ, त्या चौकटीवर क्लिक करा. हेडिंग पे नहीं, उसके नीचे! अब ऊपर व्यू. मग फ्रीज पेन्स. दाबा."

दाबलं. पडदा खाली नेला. माणसं सरकली, वरची ओळ जागची हलली नाही. उजवीकडे नेला. मटण गेलं, चहा गेला, नावं जागेवर. मी किती वेळ तेच करत बसलो. अख्खं घर इकडून तिकडं फिरलं तरी कोणाला काय पाहिजे ते हलत नव्हतं. शांताचं असंच होतं. पोरीनं ते मशीनमध्ये बसवलं होतं आणि मी ते सैल करून दिलं होतं.

"बाबा," विजय हळू म्हणाला, "तुम्ही दमले. मी मॅनेजरला बोलावतो. तुम्ही बसा."

मी खुर्ची शोधायला लागलो.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. पाय, दुसरा पाय, "आई गं". आत्याबाई उतरून राहिल्या होत्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"आम्हाला वर का पाठवलं ते कळलं का?"

"चूक माझीच जी," मी म्हटलं, आणि जाम ओळीपासून मामांच्या घोरण्यापर्यंत आणि मॅनेजरपर्यंत सगळं सांगून टाकलं. लपवून काय करता, पँट तर टपकत होती.

त्यांची भुवई वर गेली, तिथंच थांबली, आणि मग त्या खळखळून हसल्या. मुख्याध्यापिका अशी हसते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"विजयबाबू, फोन ठेवा. आम्ही तिघी बहिणी लग्नं झाल्यापासून एका खोलीत बसलो नव्हतो. कोणाच्याही लग्नात जा, एक रसोईत, एक मांडवात, एक पोरं सांभाळून राहिलेली. आज सगळ्या गुडघेवाल्या एका जागी, आणि खाली उतरता येत नाही म्हणून कोणी काम सांगायला वर येत नाही! दुपारभर लोळत होतो. तुमच्या मॅनेजरनं आम्हाला एकेका खोलीत टाकलं असतं. काम यांच्याकडेच राहू द्या."

विजयनं फोन खिशात टाकला. मी छाती थोडी बाहेर काढली.

"फक्त आमच्या बाबांना जलेबी कोणी दिली ते सांगा," आत्याबाई म्हणाल्या. आजोबांनी लगेच डोळे मिटून ध्यान लावलं. मीही दुसरीकडे पाहिलं.

मग त्या माझ्याजवळ आल्या. "फॅक्टरीत काय करत होते तुम्ही?"

"फिटर होतो जी."

"काय बनत होतं तिथं?"

"तोफा."

"आणि त्यात काही जाम झालं तर?"

"मी सोडवत होतो," मी ताठ उभा राहून सांगितलं.

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "मग ती तोफ उडवून पाहायची वेळ आली की तुम्हाला कुठं उभं करत होते?"

सगळं वऱ्हाड माझ्याकडे पाहत होतं. यशूसुद्धा. खोटं बोलता आलं असतं, पण सोयरीक नवीन होती.

"त्या दिवशी साहेब मला सकाळीच मटर आणायला पाठवून देत होते," मी म्हटलं. "बाजारात नाही जी. शहराबाहेर, पार शहपुऱ्याच्या शेतात."